सहाव्या महिन्याच्या काचा

संस्थेच्या संचालकांना सगळे तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'फीतसाहेब'. नवं यंत्र आलं की फीत, नवी खोली झाली की फीत, जुन्याच खोलीला नवा रंग दिला तरी फीत. त्यांच्या टेबलाच्या खणात एक कात्री कायम तयार असे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं ठाम मत होतं की गेल्या अठरा वर्षांत त्या माणसाने हातात धरलेलं उपकरण तेवढं एकच.

हे मत बाई कुणाला सांगत नसत. सांगण्याच्या लायकीचं त्यांना कुणी वाटतच नसे.

बाई रक्तवाहिन्यांवर संशोधन करत. डॉक्टर होत्या, पण औषध लिहून देणाऱ्या नव्हेत. हे नातेवाइकांना समजावून समजावून त्यांची जीभ झिजली होती, तरी महिन्यातून दोनदा कुणीतरी फोनवर गुडघेदुखी सांगायचंच. बाईंचा प्रश्न साधा होता. हृदयाची धमनी तुंबली की सर्जन पायातली शीर काढतात आणि तुंबलेल्या जागेला वळसा घालून हृदयावर शिवतात. रक्ताला नवी वाट मिळते. पण शीर बिचारी जन्मभर संथ वाहणाऱ्या रक्ताला सरावलेली; तिच्यात एकदम धमनीचा दाब घुसला की ती भेदरते. तिच्या भिंतीतल्या स्नायूपेशी सैरभैर वाढायला लागतात, भिंत आतून जाड होत जाते, आणि काही वर्षांत नवी वाटही जुनीसारखीच बुजते.

ही वाढ सुरू कोण करतं, ते शोधायला बाईंनी अकरा वर्षं घातली. पेशीच्या आत त्यांना आरएनएचा एक चिमुकला तुकडा सापडला, अवघ्या बावीस अक्षरांचा. त्यांच्या यादीत तो तेहतिसावा होता, म्हणून प्रयोगशाळेत त्याचं नावच पडलं 'तेहतीस'. तेहतीसला गप्प केलं की पेशी वाढायच्या थांबत. मग सशांची पाळी आली. मानेतली शीर काढायची, तेहतीसला गप्प करणाऱ्या द्रावणात अर्धा तास भिजवायची आणि मानेतल्याच धमनीत शिवायची. अठ्ठावीस दिवसांनी पाहिलं तर न भिजवलेल्या शिरा आतून निम्म्या भरलेल्या आणि भिजवलेल्या शिरा कोऱ्या नळीसारख्या स्वच्छ.

शोधनिबंध छापून आला. त्यावर शेवटचं, म्हणजे मानाचं नाव फीतसाहेबांचं होतं. ते कसं आलं हे विचारायची संस्थेत पद्धत नव्हती. "यापुढे माणसाच्या शिरा म्हाताऱ्या होणार नाहीत," असं ते पत्रकारांना म्हणाले. शीर आणि धमनी यांत फरक काय, हे बाईंनी त्यांना त्याच दिवशी सकाळी फोनवर दोनदा सांगितलं होतं.

बाई मागच्या रांगेत बसून ऐकत होत्या. ओठांचा एक कोपरा जरा वर गेला, इतकंच. त्यांच्या चेहऱ्याचं ते कायमचं वळण होतं. विद्यार्थी त्याला घाबरत, नवरा त्याला 'तुझा तो कोपरा' म्हणे.

तळमजल्यावर, काप काढायच्या खोलीत, मेणकाका बसत. शिरेचा तुकडा मेणात बसवून त्याची वडी करायची, वडीचे केसाहून कितीतरी पातळ काप काढायचे, ते काचेच्या पट्टीवर घेऊन रंगवायचे. छत्तीस वर्षं ते हेच करत होते. बोलणं जवळजवळ नाहीच. एक सांगितलं की एकच करत, सव्वा नाही. "देवाने हात दिले आणि डोकं द्यायचं राहून गेलं," असं बाई एकदा घरी म्हणाल्या होत्या. वर्षानुवर्षं त्या माणसाच्या काचा पाहून त्यांनी नाव कमावलं होतं, पण त्याला मुलं किती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अठ्ठावीस दिवसांचा निकाल इतका उजवा असताना चौदा ससे सहा महिने ठेवायचं काही कारण नव्हतं. बाईंनी ठेवले, कारण अर्धवट टाकलेली कामं त्यांना किळसवाणी वाटत. सात भिजवलेल्या शिरांचे, सात न भिजवलेल्या शिरांचे. एक ससा चौथ्या महिन्यात मेला. नोंदवहीत 'कारण अज्ञात' असं लिहिलेलं होतं आणि बाईंनी त्याखाली सही केली होती.

एका सकाळी मेणकाकांनी तेरा काचांचा ट्रे आणून ठेवला. काचांवर नुसते आकडे. कुठली शीर भिजवलेली आणि कुठली नाही, ती यादी बंद पाकिटात. आधी मोजायचं, मग पाकीट फोडायचं, म्हणजे मनाने डोळ्यांना फितवायला नको. बाईंनी पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. शिरेच्या भिंतीतले लवचिक तंतू काळ्या रंगात उठून दिसत, दोरखंडासारखे पीळदार. पहिल्या काचेत तसेच होते. दुसरीत तसेच. तिसरीत मात्र तंतू तुटून त्यांचे तुकडे इकडेतिकडे पडलेले, आणि भिंत ताणलेल्या फुग्यासारखी पातळ. बाईंनी भिंग बदललं. भिंत तेवढीच पातळ राहिली.

अशा पाच काचा निघाल्या. पाकीट फोडलं. पाचही भिजवलेल्या.

बाई खुर्चीत मागे रेलल्या. तेहतीस शिरेचा घात करत होता हे खरं, पण नव्या दाबाखाली तिला आतून टाके घालणाराही तोच होता. त्यांनी कामगाराला हाकलून दिलं होतं आणि कचरा कमी झाला म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. चौथ्या महिन्यात मेलेला ससाही भिजवलेल्यांतलाच; त्याची शीर बहुधा फुटलीच होती. 'कारण अज्ञात!' बाईंना स्वतःच्या सहीची शिसारी आली.

दुपारी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब फोटोंच्या चौकटी भिंतीवर कुठे लावायच्या ते शिपायाला दाखवत होते. त्याला बाहेर पाठवून त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं.

"सहा महिने?" ते म्हणाले. "सहा महिने थांबायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?"

"रुग्णांना सहा महिन्यांहून जास्त जगायचं असतं, साहेब."

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला. "अहो, रंग बिघडला असेल. काचेचं काय, आज असं दिसतं, उद्या तसं."

"रंग बिघडलेला नाही."

"मॅडम, माणसांवरच्या प्रयोगासाठी दहा रुग्ण ठरलेत. परवानगीसाठी पुढच्या महिन्यात समिती बसतेय. तुमचे अठ्ठावीस दिवस बावनकशी आहेत, तेवढे घेऊन जाऊ. ससा म्हणजे शेवटी ससा हो. त्याच्यावरून माणसाचं काय ठरवायचं?"

"अठ्ठावीस दिवसांचाही ससाच होता."

"तो निकाल चांगला होता," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले.

बाई उठल्या. आणखी एक वाक्य बोलणं त्यांना स्वतःचा अपमान वाटला. मूर्खाशी वाद घालायचा म्हणजे त्याला पाट देऊन शेजारी बसवायचं. जिना चढताना त्यांना चक्क बरं वाटत होतं. माणसाबद्दलचा आपला अंदाज तंतोतंत खरा निघाला की वाटतं, तसलं बरं. त्यांनी दोन ओळींचं टिपण लिहून साहेबांना ईमेल केलं, काचांचा ट्रे कपाटात ठेवला, कपाट लावलं. समिती विचारेलच सहा महिन्यांचं. समितीत सगळेच काही फीतसाहेब नसणार. आणि असले, तर आपण काय करणार? ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं.

ईमेलला उत्तर आलं नाही. तीन आठवडे गेले.

मग एका रविवारी सकाळी नवऱ्याबरोबर त्या नणंदेकडे गेल्या. वन्सं नवऱ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. सात वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयावर पायातल्या तीन शिरा जोडल्या होत्या. त्यातल्या दोन बुजल्या होत्या. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत यायचं तर त्यांना मध्ये खुर्ची लागे. दम मात्र चालण्यापुरताच लागायचा, बोलताना नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सगळ्या बातम्या त्या एका दमात सांगत, आणि बाई त्या वेळात मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाची आखणी करत. तीस वर्षांत वन्संच्या तोंडून ऐकण्यासारखं एक वाक्य निघाल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

त्या दिवशी वन्संनी दारातच हात धरला. "अगं, बस आधी. तुला धक्काच द्यायचा होता, म्हणून फोनवर बोलले नाही. माझं परत ऑपरेशन ठरलंय. दुसऱ्या पायातली शीर काढणार. आणि ती तुझ्या औषधात भिजवणार!"

बाईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "कुणी सांगितलं?"

"तुझे साहेब! स्वतः फोन केला. म्हणाले, घरचंच माणूस यादीत असलं की लोकांना भरवसा वाटतो. पेपरात फोटो पण येणारेय तुझा-माझा. मी सगळ्या इमारतीला सांगितलंय, माझ्या भावजयीचं औषध म्हणून."

नवरा कौतुकाने हसत होता. बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"वन्सं, ते औषध घेऊ नका."

"म्हणजे?"

"ते चांगलं नाही. शीर तुंबत नाही, पण भिंत कुजल्यासारखी होते. फुगते. फुटूही शकते."

वन्सं मधल्या खुर्चीत बसल्या. "तूच शोधलंस ना ते?"

"हो."

"आणि चांगलं नाही हेही तूच शोधलंस?"

"हो."

"कधी?"

"झाले तीन आठवडे."

"तीन आठवडे," वन्सं म्हणाल्या. "मग गप्प का होतीस?"

"साहेबांना सांगितलं होतं. तो माणूस गाढव आहे, वन्सं. त्याच्याशी बोलून काही..."

"तो गाढव आहे हे मला फोनवर दोन मिनिटांत कळलं. मी तुझं विचारतेय." त्यांचा आवाज चढला नाही. "आज तू सहज आलीस, म्हणून मला कळलं. यादीत दहा जण आहेत म्हणत होते. बाकीच्या नऊ जणांच्या घरी कुठली भावजय जाणार आहे सांगायला?"

नवऱ्याचं हसू केव्हाच मावळलं होतं. बाईंकडे प्रत्येकासाठी एक टोचणारं वाक्य तयार असे, नुसतं ते त्या मनातच ठेवत. आता मन धुंडाळलं तर तिथे एकच गोष्ट सापडली. साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना त्यांना बरं वाटलं होतं.

सोमवारी दार उघडल्या उघडल्या त्यांनी कपाट उघडलं. ट्रे नव्हता. कपाटाची दुसरी किल्ली कार्यालयात असते, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्या तरातरा तळमजल्यावर गेल्या. मेणकाका सुरीची धार तपासत होते.

"माझ्या काचा कुठे आहेत?"

"साहेबांनी पाठवल्या खाली. टाकायला सांगितल्या. टाकल्या."

"टाकल्या?" बाईंचा आवाज चिरकला. "तुम्हाला कळत होतं त्या कसल्या होत्या ते?"

"हो."

"आणि तरी टाकल्या! छत्तीस वर्षं काढली इथे तुम्ही. इतक्या वर्षांत दगडालासुद्धा..." बाई थांबल्या. पुढचं वाक्य फार वाईट होतं, आणि वर्षानुवर्षं मनात मुरून चांगलं पिकलं होतं.

मेणकाकांनी सुरी म्यानात घातली. "काचा टाका म्हणाले. वड्यांचं काही बोलले नाहीत." त्यांनी खालचा खण ओढला. आत मेणाच्या तेरा वड्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर आकडा. "वडी आहे तोवर शंभर काचा निघतात, बाई. साहेबांना ते माहीत नाही. त्यांनी कधी इथे पाऊल टाकलेलं नाही."

बाईंनी एक वडी उचलून तिच्यावरचा आकडा वाचला.

"आज कापतो, उद्या रंगवतो, परवा देतो," मेणकाका म्हणाले. मग, जरा थांबून, "एक विचारू? तीन आठवडे त्या काचा तुमच्या कपाटात होत्या. मी रोज वाट बघत होतो, बाई आज काहीतरी करतील म्हणून. कपाटालाच दाखवायच्या होत्या का?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओठांचा एक कोपरा तेवढा जरा वर गेला होता. बाईंनी तो भाव लगेच ओळखला, कारण आरशात तो त्यांनी हजारदा पाहिला होता. त्याच्या समोरच्या बाजूला उभं राहायची मात्र ही पहिलीच वेळ.

समितीची बैठक गुरुवारी होती. बाईंना बोलावणं नव्हतं, त्या गेल्या. बाहेरच्या बाकावर मेणकाकांना बसवून त्या दार ढकलून आत शिरल्या. लांब टेबलाभोवती सात माणसं, पाण्याच्या बाटल्या, आणि टोकाला साहेब, उभे राहून अठ्ठावीस दिवसांची चित्रं पडद्यावर दाखवत.

"मॅडम, आपलं नंतर बोलू," साहेब गोड आवाजात म्हणाले.

"नंतर नाही." बाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. "हे सहाव्या महिन्याचे ससे आहेत. भिजवलेल्या सातांपैकी पाच शिरा फुगल्यात, एक ससा आधीच मेलाय. तो का मेला हे मी पाहिलं नाही, ती माझी चूक. तीन आठवडे गप्प बसले, तीही माझीच. पण हे औषध माणसांवर वापरलं तर ती चूक तुमची."

साहेबांनी डोळ्यांची उघडझाप केली. ज्या काचा कचऱ्यात गेल्या त्या टेबलावर कशा, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. पण माणूस मुरलेला. "या काचांचा रंग बिघडलाय, असं मॅडमच मला म्हणाल्या होत्या," ते सहज बोलून गेले.

अध्यक्षपदी एक निवृत्त परिचारिका होत्या. जाड चष्मा, समोर कोरा कागद. "रंग कुणी केला?" त्यांनी विचारलं.

मेणकाकांना आत बोलावलं. ते दाराशीच उभे राहिले.

"हा रंग बिघडलाय का?"

"नाही."

"कशावरून?"

"प्रत्येक ट्रेमध्ये कडेला एक जादा काच असते, धडधाकट शिरेची. तीही त्याच रंगात, त्याच वेळी बुडवतो. ती बघा. ती नीट असेल तर रंग नीट आहे." एवढं लांब बोलून ते दमल्यासारखे झाले. "आणि ह्या काचा दुसऱ्यांदा केल्यात. पहिल्या साहेबांनी टाकायला सांगितल्या होत्या."

खोलीत कुणाची तरी बाटली टेबलावर घसरली. परिचारिकाबाईंनी सूक्ष्मदर्शक मागवला, चष्मा कपाळावर चढवला आणि आधी ती जादा काच, मग तेराही काचा स्वतः पाहिल्या. त्यात अर्धा तास गेला.

निर्णय पाचास दोन मतांनी झाला: प्रयोग स्थगित. ते दोघं कोण, हे बाईंनी नीट पाहून ठेवलं. डोळ्यांसमोर सगळं दिसूनही हात वर न करणाऱ्यांसाठी त्यांच्या मनात अजून भरपूर जागा होती.

साहेबांचं काय झालं म्हणाल, तर चांगलंच झालं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पत्रक काढलं की रुग्णांच्या सुरक्षेसाठी आपण स्वतःच्या पुढाकाराने हा प्रयोग थांबवला आहे. अशा सावध आणि जबाबदार माणसाला वर नेलं नाही तरच नवल. चार महिन्यांत त्यांची नेमणूक कितीतरी मोठ्या जागी झाली. निरोपसमारंभाला सभागृह भरलं होतं. "ज्यांनी वेळीच धोका ओळखला..." असं वक्ता म्हणाला आणि लोक टाळ्यांसाठी हात उचलणार, तोच तिसऱ्या रांगेतून बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "हे खोटं आहे."

आवाज फार मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. वक्त्याने कागद चाळला. साहेब बुटांकडे बघत राहिले. बाई पुढे म्हणाल्या, "धोका तळमजल्यावरच्या काकांच्या काचांनी दाखवला. यांनी त्या फेकल्या. चालू द्या तुमचं." मग चहा झाला, आणि बाईंच्या टेबलाशी कुणी फिरकलं नाही.

त्याची फळं लवकरच मिळाली. तिसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा दुसऱ्या विभागाला गेली. बाईंना तळमजल्यावर, सशांच्या पिंजऱ्यांशेजारी, एका खिडकीची खोली मिळाली. वन्संचं ऑपरेशन द्रावणाशिवाय, साध्या शिरेने झालं. त्या बऱ्या आहेत, पण इमारतीत आता काय तोंड दाखवू म्हणून महिनाभर बाईंशी धड बोलल्या नाहीत. नंतर बोलायला लागल्या, आणि बाई आता ऐकतात. सगळं नाही, पण बरंचसं.

तेहतीस अजून आहेच. त्याला कायमचं गप्प न करता दहाच दिवस गप्प ठेवलं आणि मग सोडलं तर टाके घालायला तो परत येतो का, हा पुढचा प्रश्न. त्याला दोन वर्षं तरी लागतील, आणि मेणकाका सहा महिन्यांत निवृत्त होतायत. त्यांच्या जागी कुणाला घेणार हे कार्यालय सांगत नाही. म्हणून बाई रोज सकाळी तासभर त्यांच्याकडे काप काढायला शिकतात. पहिल्या आठवड्यात चाळीस काप काढले, एकोणचाळीस फाटले. उरलेला मेणकाकांनी उजेडाला धरला, बराच वेळ फिरवून पाहिला.

"जाड आहे," ते म्हणाले. "आणि तुमच्या हाताला घाई फार. दुसरी वडी घ्या."